गोळ्यांची पिशवी : उतारवयातला मधुमेह आणि रक्तदाब

न्हावा शेवा हे नाव आज जगभरच्या जहाज कंपन्यांच्या तोंडी असतं. मुळात ही दोन वेगळी गावं. न्हावा पनवेल तालुक्यातलं, शेवा उरणमधलं. २६ मे १९८९ रोजी इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि त्या बंदराला लोक याच जोडनावाने ओळखू लागले. आपल्या रोजच्या गोळ्यांचाही या बंदराशी संबंध आहे. परदेशातून औषधं कोणकोणत्या बंदरांत उतरवता येतील याची यादी देशाच्या औषध नियमांमध्ये दिलेली आहे, तिच्यात न्हावा शेवाचं नाव आहे. तळोजा, पाताळगंगा, महाड इथल्या औद्योगिक वसाहतींत औषधी रसायनांचे कारखाने आहेत. मधुमेहावरची सर्वाधिक वापरली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. ती बनवायला लागणारं डायसायनडायअमाइड हे रसायन मुख्यतः चीनमधून येतं, आणि तयार झालेलं मेटफॉर्मिन भारतातून जगभर जातं.

या बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ती पिढी आता म्हातारी झाली आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पदरात पडलं, हा इतिहास वाचकांना ठाऊक असेल. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात जाऊन राहिली. तेव्हा जे पंचविशी-तिशीत होते ते आज सत्तरीच्या आगेमागे आहेत. भातशेती, मिठागर, खाडीतली मासेमारी ही त्यांची तरुणपणची कामं. कामं गेली, पण ताटातला भात, तांदळाची भाकरी आणि खारवलेली सुकी मासळी राहिली. अंगमेहनत थांबली आणि मीठ तेवढंच राहिलं, तर रक्तदाबाचं काय होणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आता या पिढीच्या घरोघरी एक पिशवी असते. प्लास्टिकची, बहुधा मेडिकल दुकानातूनच आलेली. तिच्यात साखरेच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, गुडघ्याच्या, गॅसच्या, झोपेच्या. दवाखान्यात जाताना ती पिशवी बरोबर न्यायची असते, पण सहसा नेली जाते ती फक्त शेवटची चिठ्ठी. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या वृद्ध माणसाला औषधं कशी दिली जातात, कशी द्यायला हवीत, आणि या पिशवीतल्या गोळ्या एकमेकींशी काय करतात, ते पाहू.

हे दोन आजार एकत्र येतात यात योगायोग नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीत १ लाख १३ हजार माणसं तपासली गेली. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे भात-मासळीवरचा, शहराशी झपाट्याने जोडला गेलेला आपला शेजारचाच किनारा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यामागचं एक कारण मांडलं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये सुरू केला. त्यात दिसलं ते असं की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असली तरी त्या वजनात चरबीचा वाटा मोठा असतो, स्नायूंचा कमी. 'बारीक, पण चरबीदार' असं हे शरीर. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फोटो लक्षात ठेवावा, कारण औषधांची बरीच मार्गदर्शक तत्त्वं युडकिन यांच्यासारख्या शरीरांवर तपासून तयार झालेली आहेत आणि गोळ्या घेणारी आपली आजी याज्ञिकांच्या बाजूला उभी आहे.

तर अशी एक आजी कल्पनेत धरू. वय ७४, वजन ४८ किलो. मधुमेह पंधरा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. पिशवीत काय काय आहे? ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी दोन वेळा. टेल्मिसार्टन, त्यातच मिसळलेलं हायड्रोक्लोरोथायझाइड. अ‍ॅमलोडिपिन. फार पूर्वी कुणीतरी सुरू केलेलं अ‍ॅटेनोलॉल. पायाला सूज येते म्हणून फ्युरोसेमाइड. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, त्याने पोटात जळजळ होते म्हणून पॅन्टोप्राझोल. पायाला मुंग्या येतात म्हणून प्रिगॅबालिन. रात्रीची झोपेची गोळी. ही आजी काल्पनिक असली तरी अशी यादी कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडेल. गंमत अशी की यातली एकही गोळी ज्याने दिली त्याच्या दृष्टीने चुकीची नाही. गावातल्या डॉक्टरांनी एक दिली, पनवेलच्या फिजिशियननी दुसरी, हाडांच्या डॉक्टरांनी तिसरी, आणि एक-दोन मेडिकलवाल्याने.

पहिली अडचण ओळखण्याचीच. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत घालून विकण्याची मोठी चाल आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा ३२८ मिश्रणांवर बंदी घातली, तरी योग्य मिश्रणंही पुष्कळ आहेत आणि गोळ्यांची संख्या कमी करायला ती उपयोगीच पडतात. पण नावापुढची अक्षरं वाचता आली पाहिजेत. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध असतं, 'एएम' म्हणजे अ‍ॅमलोडिपिन, 'सीटी' म्हणजे क्लोर्थालिडोन. साखरेच्या गोळीपुढचं 'एम' म्हणजे मेटफॉर्मिन. ही अक्षरं कळली नाहीत की दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रंगांच्या गोळ्यांतून एकच औषध दोनदा पोटात जातं. आमच्या आजीच्या यादीत लघवी वाढवणारी दोन औषधं आधीच आहेत. एक उघड, एक 'एच'मध्ये लपलेलं.

दुसरी अडचण मूत्रपिंडाची, आणि ती अधिक खोल आहे. आजीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ असं छापलेलं आहे. लॅबच्या कागदावर त्याखाली रेघ नाही, ठळक अक्षर नाही, म्हणजे सगळं ठीक. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच कमी असलेल्या वृद्ध बाईच्या रक्तात ते कमी असायला हवं. वय आणि लिंग धरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढली तर याच १.१ ला तिशीतल्या पुरुषाची क्षमता नव्वदच्या वर येते आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची त्रेपन्नच्या आसपास. आकडा एकच, मूत्रपिंडं दोन तऱ्हेची. मेटफॉर्मिनची मात्रा या क्षमतेवर ठरते. ती ४५ च्या खाली गेली की मात्रा कमी करतात, ३० च्या खाली गेली की औषध बंद. त्यामुळे चिठ्ठी लिहिण्याआधी क्रिएटिनिनऐवजी ईजीएफआर पाहणं आणि लघवीतून अल्ब्युमिन जातं का ते तपासणं, ही दोन कामं कुठल्याही नव्या गोळीपेक्षा मोलाची आहेत. लघवीची ही तपासणी आपल्याकडे फार कमी वेळा सांगितली जाते. लघवीत अल्ब्युमिन असेल तर टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटाची औषधं रक्तदाबाबरोबर मूत्रपिंडही सांभाळतात. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनच्या दोन मोठ्या अभ्यासांनी मधुमेही रुग्णांमध्ये हे दाखवून दिलं.

आता ग्लिमेपिराइड. सल्फोनिलयुरिया या जुन्या गटातलं हे औषध स्वस्त आहे, साखर पटकन उतरवतं, म्हणून ते भारतभर चालतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. आजी जेवली आहे की नाही, याची चौकशी ते करत नाही. सकाळी गोळी घेतली आणि मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, तर साखर खाली घसरते. तरुणाला अशा वेळी घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि तो काहीतरी गोड तोंडात टाकतो. म्हाताऱ्या माणसात हे इशारे आधीच मंद झालेले असतात. त्यातून अ‍ॅटेनोलॉलसारखं बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड हे दोन्ही इशारे ते औषध दाबून टाकतं. उरतो फक्त घाम. उरणच्या दमट हवेत घामाकडे कोण लक्ष देणार? मग आजी असंबद्ध बोलू लागते, जागेवरून उठताना पडते, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. कधी पक्षाघात समजून धावाधाव होते. साखर मोजण्याचं यंत्र घरात असतं, पण ते रोजच्या सकाळच्या आकड्यासाठी. अशा प्रसंगी ते काढायचं सुचत नाही.

हा धोका पुस्तकातला नाही. औषधांच्या दुष्परिणामांमुळे रुग्णालयात भरती व्हावं लागलेल्या अमेरिकन वृद्धांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा भरतींपैकी जवळजवळ १४ टक्के इन्सुलिनमुळे आणि आणखी सुमारे ११ टक्के मधुमेहाच्या गोळ्यांमुळे होत्या. म्हणजे दर चार भरतींमागे एक साखर कमी करण्याच्या औषधांमुळे. सल्फोनिलयुरिया गटातलं सर्वांत घातकी औषध ग्लिबेनक्लामाइड. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत साठीपुढच्यांसाठी ते योग्य नसल्याची नोंद केली आणि त्याच्या जागी ग्लिक्लाझाइड घेतलं. ग्लिमेपिराइड त्यापेक्षा बरं, पण निर्धोक नव्हे. लिनाग्लिप्टिनशी त्याची सरळ तुलना करणारा 'कॅरोलिना' अभ्यास २०१९ मध्ये आला. हृदयविकाराच्या बाबतीत दोन्ही औषधं सारखीच ठरली. साखर अवाजवी उतरण्याचे प्रसंग मात्र ग्लिमेपिराइडवर ३७.७ टक्के लोकांत आणि लिनाग्लिप्टिनवर १०.६ टक्के लोकांत घडले. फायदा सारखा आणि धोका साडेतीन पट, असा हा हिशोब. सत्तरीच्या माणसाला, तो एकटा राहत असेल, जेवणाच्या वेळा पाळत नसेल, तर ग्लिमेपिराइड सर्वांत आधी कमी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मग साखर वाढेल, त्याचं काय? इथे या सगळ्या विषयाची गाठ आहे. घरोघरी साखरेच्या आकड्याची जेवढी धास्ती असते तेवढी रक्तदाबाची नसते. उपाशीपोटी साखर १६० आली की घरात चर्चा होते. रक्तदाब १६० आला तर 'थोडा वाढलाय' म्हणून विषय संपतो. पुरावा याच्या उलट बाजूला आहे, आणि वय जसं वाढतं तसा तो अधिकच त्या बाजूला झुकतो.

ब्रिटनमध्ये १९७७ साली 'यूकेपीडीएस' नावाचा अभ्यास सुरू झाला. नव्याने मधुमेह सापडलेली पाच हजारांवर माणसं, बहुतेक पन्नाशीतली. निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखरेवर कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात दहा वर्षांनी डोळे आणि मूत्रपिंडांचे विकार २५ टक्क्यांनी कमी होते, पण हृदयविकार आणि मृत्यू यांत खात्रीचा फरक दिसला नाही. याच अभ्यासातल्या ११४८ जणांमध्ये रक्तदाब किती उतरवावा हे तपासलं गेलं. एका गटाचा सरासरी दाब १५४/८७, दुसऱ्याचा १४४/८२. फरक केवळ दहाचा. तेवढ्यानं पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटला आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी. पुढे २००८ मध्ये, ऐंशी वर्षांवरच्या ३८४५ जणांचा 'हायवेट' अभ्यास अपेक्षेपेक्षा लवकर थांबवावा लागला, कारण इंडापामाइडसारख्या साध्या गोळीने रक्तदाब उतरवलेल्या गटात दोन वर्षांच्या आतच मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झालेले दिसत होते. ऐंशीनंतर बीपीची गोळी काय कामाची, या समजुतीला त्याने उत्तर दिलं.

त्याच वर्षी, २००८ च्या फेब्रुवारीत, आणखी एक अभ्यास थांबवला गेला, पण उलट कारणाने. अमेरिका आणि कॅनडातल्या 'अ‍ॅकॉर्ड' या अभ्यासात १० हजार २५१ मधुमेही होते, सरासरी वय ६२. एका गटाची साखर निरोगी माणसाइतकी, म्हणजे एचबीए१सी सहाच्या खाली आणायची असं ठरलं होतं. साडेतीन वर्षांत त्या गटात २५७ मृत्यू झाले, सौम्य नियंत्रणाच्या गटात २०३. जास्त औषधं, चांगला आकडा, आणि मृत्यू अधिक. या घटनेनंतर जगभरच्या तज्ज्ञांनी वृद्धांसाठीचं उद्दिष्ट सैल केलं. धडधाकट, आपली कामं आपण करणाऱ्या वृद्धाला एचबीए१सी सात ते साडेसात, दोन-चार आजार जोडीला असतील तर आठच्या खाली, आणि अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत आकड्याचा नाद सोडून साखर फार चढू वा उतरू न देणं, असा साधारण क्रम आज मानला जातो. यात आपल्याकडची एक जास्तीची गुंतागुंत आहे. शरीरात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो. रक्तक्षय घरोघरी असलेल्या आपल्या प्रदेशात निव्वळ त्या एका आकड्यावर गोळी वाढवणं धोक्याचं.

कारण साधं आहे. साखरेवरच्या कडक नियंत्रणाचं फळ मिळायला आठ-दहा वर्षं लागतात आणि त्याची किंमत, म्हणजे साखर एकाएकी घसरणं, आजच मोजावी लागते. रक्तदाबाचं फळ वर्ष-दोन वर्षांत हाती येतं. पन्नाशीच्या माणसाला दोन्ही कामं हाती घ्यायला वेळ असतो. पंचाहत्तरीच्या माणसापुढे निवड करायची वेळ आली तर रक्तदाब आधी.

रक्तदाब किती खाली आणावा, यावर मात्र वाद चालू आहे. अ‍ॅकॉर्डमध्येच वरचा दाब १२० च्या खाली आणून पाहिला तेव्हा पक्षाघात कमी झाले, पण एकूण हिशोबात खात्रीचा फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये चीनमधल्या १२ हजार ८२१ मधुमेहींवरच्या 'बीपी-रोड' अभ्यासात त्याच उद्दिष्टाने हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना २१ टक्क्यांनी घटल्या. त्याबरोबर दाब फार उतरून त्रास होण्याचे आणि रक्तातलं पोटॅशियम वाढण्याचे प्रसंगही वाढले. म्हणून १३०/८० हे सर्वसाधारण उद्दिष्ट ठीक, पण ते आजीला उभं करून तपासावं. हे शब्दशः. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांना आवळणाऱ्या नसा कमजोर होतात. बसल्यावर १३६ असलेला दाब उभं राहिल्यावर ११० होऊ शकतो. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर गोळी वाढवण्याआधी थांबलं पाहिजे. ही तपासणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते. रात्री लघवीला उठलेली आजी मोरीच्या दारात पडते आणि खुब्याचं हाड मोडतं, तेव्हा केसपेपरवर 'पाय घसरून पडली' एवढंच लिहिलं जातं.

रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात मुंबईचं एक पान आहे, ते इथे सांगायला हवं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर, झोपेसाठी, तापावर पूर्वापार वापरात होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ साली वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. जगाने वापरलेल्या रक्तदाबाच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी हे एक. पण काही वर्षांत लक्षात आलं की ते घेणारे काही रुग्ण उदास होतात. हा औषधाचा परिणाम आहे हे कळेपर्यंत त्या उदासीकडे नवा आजार म्हणूनच पाहिलं जाण्याची शक्यता होती.

आजीची यादी पुन्हा पाहिली तर तिच्यात हीच गोष्ट दोन-तीनदा घडलेली आहे. अ‍ॅमलोडिपिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं आणि घोट्यांना सूज येते. सूज पाहून फ्युरोसेमाइड दिलं गेलं. त्याने ही सूज विशेष उतरत नाही, कारण शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त पायात उतरलेलं असतं. लघवी मात्र वाढते, सोडियम-पोटॅशियम घसरतं, उठताना चक्कर येते. अ‍ॅमलोडिपिनची मात्रा निम्मी केली असती तर काम झालं असतं. तसंच मेटफॉर्मिनचं. बरीच वर्षं घेतलं की काही जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं आणि पायाला मुंग्या येतात. मधुमेहाने नसा खराब झाल्या असं समजून प्रिगॅबालिन सुरू होतं. प्रिगॅबालिनने गुंगी येते, तोल जातो आणि, कहर म्हणजे, पायाला सूजही येते. बी-१२ ची तपासणी किंवा काही इंजेक्शनं एवढ्यावर जे भागलं असतं त्याला एक कायमची गोळी चिकटते. आणि सर्वांत वाईट जोडी डायक्लोफेनॅकची. वेदनाशामक, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध, ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी कोंडला जातो. शिवाय वेदनाशामकाने रक्तदाब वाढतो, तो पाहून बीपीची गोळी वाढते. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, मलम हे उपाय गरिबाचे वाटले तरी या वयात तेच शहाणपणाचे.

गेल्या दहा वर्षांत एका नव्या गटाने हे गणित बदललं आहे. एम्पाग्लिफ्लोझिन, डॅपाग्लिफ्लोझिन ही एसजीएलटी-२ गटातली औषधं रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासात हृदयविकार असलेल्या मधुमेहींचे हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. वरचा रक्तदाबही चार-पाच अंशांनी उतरतो, मूत्रपिंड टिकतं, हृदय कमजोर असेल तर दम लागणं कमी होतं, आणि साखर अवाजवी घसरत नाही. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसासाठी जणू बेतूनच शिवलेलं औषध. अडचण किमतीची होती. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी काही कंपन्यांनी लगेच दहा रुपयांच्या आत आणली. ही चांगलीच बातमी. पण आमची आजी ४८ किलोची आहे. या औषधाने वजन आणखी उतरतं, लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, अंगातलं पाणी कमी होतं. 'एच'ची गोळी आणि फ्युरोसेमाइड तसंच ठेवून त्यात हे औषध मिसळलं तर चक्कर ठरलेली. स्वस्त झालं म्हणून ते यादीत आणखी एक म्हणून जोडलं जाईल आणि जुनं काहीच निघणार नाही, ही भीती मला खरी वाटते.

सरकारी पातळीवर रक्तदाबाचं काम काही ठिकाणी चांगलं झालं आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीला घेतले गेले. अ‍ॅमलोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोर्थालिडोन अशी मोजकी औषधं, कोणती कधी वाढवायची याचा एकच ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद, गावाजवळ महिन्याभराच्या गोळ्या. या साधेपणानेच तो उपक्रम चालला. पण अशा ठरलेल्या क्रमात पायऱ्या चढण्याच्या असतात. पंचाहत्तरीनंतर, वजन घटल्यावर, जेवण कमी झाल्यावर पायरी उतरायची कशी, हे त्यात लिहिलेलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर गोळी कमी करायला कचरणार नाही. आज तो कचरतो, कारण वाढवलेल्या गोळीचा जाब कुणी विचारत नाही, कमी केलेल्या गोळीचा विचारतात. घरचेही विचारतात.

आजीच्या यादीचं काय होऊ शकतं? डॉक्टरांनी सगळी पिशवी टेबलावर ओतायला सांगितली, उभं करून बीपी पाहिलं, ईजीएफआर काढला, लघवी आणि बी-१२ तपासलं. डायक्लोफेनॅक बंद झालं, त्याबरोबर पॅन्टोप्राझोलही. ग्लिमेपिराइड निघालं, मेटफॉर्मिन बेताच्या मात्रेत राहिलं, जोडीला लिनाग्लिप्टिनसारखी सौम्य गोळी आली. अ‍ॅमलोडिपिन निम्मं झालं, टेल्मिसार्टन राहिलं, फ्युरोसेमाइड गेलं. अ‍ॅटेनोलॉल काही आठवड्यांत हळूहळू उतरवलं. ते एकदम तोडलं तर छातीत दुखणं उसळू शकतं, म्हणून हा उद्योग घरच्या घरी करायचा नसतो. झोपेच्या गोळीचंही तसंच. आणि एक गोळी वाढली. नऊ गोळ्यांच्या त्या पिशवीत अ‍ॅटोर्वास्टॅटिन नव्हतंच. मधुमेहींमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याचा ज्याचा पुरावा भक्कम आहे, ते औषध कुणी लिहिलंच नव्हतं, कारण कोलेस्टेरॉलची तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात जात नाही.

राहता राहिला आजारपणाच्या दिवसांचा प्रश्न. ताप, उलट्या, जुलाब, किंवा कडक निर्जळी उपास. पावसाळ्यात उरण-पनवेल पट्ट्यात हे वारंवार घडतं. अशा दिवशी पोटात पाणी टिकत नसेल तर मेटफॉर्मिन, एसजीएलटी-२ गटातली गोळी, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी औषधं यांतली कोणती थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. इन्सुलिन चालू असेल तर मात्र ते आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये, मात्रा विचारून घ्यावी. ठरलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी एसजीएलटी-२ ची गोळी थांबवावी लागते, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं. तो कागद पिशवीत ठेवावा, आणि मेडिकलवाल्याला नवी गोळी मागताना आधी तो दाखवावा. माणूस नीट जेवू-पिऊ लागला की एक-दोन दिवसांत गोळ्या पुन्हा सुरू करतात. ते विसरलं जातं, म्हणून कोणती गोळी कोणत्या तारखेला थांबवली तेही तिथेच लिहावं.